अजिंठ्याची भिंत आणि उद्धारकांचे हात

शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात सर्वश्रुत आहे. मूळ ग्रंथ सिद्ध होऊन तोवर जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती. हातोहात नकला होत असताना लेखनिकांच्या प्रमादांनी आणि भाविकांच्या उत्साहाने ग्रंथात अपपाठ शिरले होते. नाथांनी ते दूर केले आणि अखेरीस, या ग्रंथात कोणीही पदरची ओवी घालू नये, असे बजावले. नाथ स्वतः थोर कवी होते. एखादी ओवी गळाली आहे असे वाटले असते, तर तिच्या तोडीची ओवी रचून घालणे त्यांना अवघड नव्हते. तसे त्यांनी केले नाही, आणि दुसऱ्या कोणी करू नये अशी तजवीज केली, यातच त्यांच्या संशोधनाचे मर्म आहे.

ग्रंथाच्या बाबतीत हे तत्त्व आपण आज निःशंकपणे मानतो. संपादकाने पाठ शोधावा, पाठ रचू नये, हे विद्यार्थ्यांनाही सांगावे लागत नाही. परंतु जे ग्रंथाला लागू तेच भिंतीवरील चित्रालाही लागू आहे, हे समजण्यास जगाला फार काळ लागला. त्या विलंबाची किंमत ज्या कलाकृतींनी मोजली, त्यांत पैठणच्याच जिल्ह्यातील अजिंठ्याची चित्रे अग्रभागी आहेत. गेल्या दोनशे वर्षांत या चित्रांचे जे नुकसान झाले त्यात पाऊस, धूळ आणि वटवाघळे यांचा वाटा मोठा आहेच. पण त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या आणि त्यांच्या रक्षणासाठी झटणाऱ्या माणसांचाही वाटा आहे. प्रस्तुत लेखात त्या दुसऱ्या वाट्याचा वृत्तांत द्यावयाचा आहे. कोणास दोष देण्याचा हेतू त्यात नाही; दोष नेमका कोठे होता, हे पाहावयाचे आहे.

प्रथम या चित्रांची घडण ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढील साऱ्या कथेचे मूळ तेथे आहे. वाघोरा नदीच्या अर्धवर्तुळाकार कड्यात कोरलेली ही सुमारे तीस लेणी दोन कालखंडांतील आहेत. नवव्या आणि दहाव्या क्रमांकांची चैत्यगृहे ख्रिस्तपूर्व काळातील असून, त्यांतील सर्वांत जुनी चित्रे दोन हजार वर्षांच्या घरातील आहेत. पहिले, दुसरे, सोळावे आणि सतरावे ही चित्रसमृद्ध लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळातील आहेत. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात त्याचा मंत्री वराहदेव याच्या दानाची नोंद आहे.

या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते, पण ते बरोबर नाही. इटलीतील खऱ्या फ्रेस्कोत चुन्याचा गिलावा ओला असतानाच रंग भरतात. चुना वाळत जातो तसा रंग त्याच्यात बांधला जातो आणि भिंतीशी एकजीव होतो. अजिंठ्याची रीत निराळी आहे. खडबडीत कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा, गवत आणि वनस्पतींचे तंतू. त्यावर पांढऱ्या द्रव्याचा पातळ हात. आणि तो वाळल्यावर डिंक किंवा सरस यांसारख्या चिकटद्रव्यात कालवलेले रंग. रंगही बहुतांशी मातीचेच आहेत: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी आणि पांढरा. दूरदेशीचा रंग एकच, तो म्हणजे अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या राजावर्त मण्याचा निळा. याचा अर्थ असा की, अजिंठ्याचे चित्र भिंतीत मुरलेले नाही. ते भिंतीवर अलगद बसलेले आहे. पाणी लागले तर खालची माती विरघळते. दमट हवेत गिलावा फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. गिलाव्यातील कोंडा आणि तंतू हे कीटकांचे भक्ष्य होतात. अशा भिंतीला हात लावणाऱ्याने किती जपून वागावे, हे निराळे सांगावयास नको.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तेथे आला. दहाव्या लेण्यात शिरून त्याने एका खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरे आज माणसाच्या डोक्यापेक्षा उंच दिसतात, कारण त्या वेळी लेण्यात शतकांचा गाळ साचला होता आणि स्मिथ त्यावर उभा होता. त्याने ती कोरली तीही रंगवलेल्या पृष्ठावर. अजिंठ्याच्या आधुनिक इतिहासाची पहिली नोंद ही अशी एक जखमच आहे. त्यानंतरच्या दशकांत हौशी प्रवाशांनी चित्रांतील मस्तके आणि आकृती खरवडून काढण्याचे प्रयत्न केले. बहुतेक वेळा हाती आला तो मातीचा चुरा. जे तुकडे टिकले ते देशोदेशी गेले. एक आज अमेरिकेतील बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. जेम्स फर्ग्युसन याने १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि १८४३ मध्ये त्यांच्याविषयी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत निबंध वाचला. तेव्हा कोठे कंपनी सरकारचे लक्ष तिकडे वळले.

त्या काळी संरक्षणाचा उपाय म्हणून जो सुचला तो नकलेचा. मूळ चित्र नष्ट होणार हे गृहीत धरून त्याची प्रतिकृती उतरवून ठेवावी, असा तो विचार होता. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये या कामावर नेमणूक झाली आणि सुमारे वीस वर्षे त्याने अंधाऱ्या लेण्यांत बसून मोठमोठ्या पटांवर चित्रे उतरविली. ती लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीस आग लागली आणि मोजकेच पट वगळता सारे काम जळाले. गिल पुन्हा त्याच कामास लागला. १८७९ मध्ये त्याचा मृत्यू झाला आणि भुसावळ येथे त्याला पुरण्यात आले.

त्याच्यामागून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून सुमारे तीनशे पट करवून घेतले. या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले चित्रकार होते. हे पटही लंडनला गेले आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत त्यांपैकी शंभराच्या वर नष्ट झाले. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये निघाला. तिसरी गोष्ट जपानची आहे. अराई काम्पो या चित्रकाराने १९१६ ते १९१८ या काळात जपानी कागदावर अजिंठ्याच्या नकला उतरविल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १९२३ च्या महाभूकंपात त्याही गेल्या.

तीन वेळा नकला सुरक्षित स्थळी नेल्या आणि तिन्ही वेळा त्यांवर आपत्ती कोसळली. मातीची भिंत मात्र जागेवर उभी राहिली. याला दैवाचा खेळ म्हणून सोडून देता येईल, पण त्यातून एक बोध निघतो. नकल हा अभ्यासाचा आधार आहे, तो मूळ वस्तूचा पर्याय नव्हे. ‘नकल झाली, आता मूळ गेले तरी चालेल’ ही भावना एकदा मनात शिरली की मूळ वस्तूशी वागताना हात सैल होतो. एकोणिसाव्या शतकात नकला करताना रंग स्पष्ट दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर रोगण फिरविण्याचा प्रकार घडला, तो याच भावनेचा परिणाम होय. नकलेच्या सोयीसाठी मूळ प्रतीवर शाई ओतावी, तसे ते झाले.

१९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत क्रिस्टियाना हेरिंगहॅम या विदुषी अजिंठ्यास आल्या. चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या ग्रंथाचे भाषांतर करून त्यांनी चित्रकलेच्या प्राचीन पद्धतींचा अभ्यास केला होता. त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा आणि हैदराबादहून सय्यद अहमद व मुहम्मद फजलुद्दीन हे तरुण चित्रकार होते. अर्वाचीन भारतीय चित्रकलेवर या प्रवासाचा जो परिणाम झाला तो मोठा आहे. तथापि या नकलांत अनेक ठिकाणी मूळ चित्रातील भगदाडे कल्पनेने भरून काढलेली आहेत. कागदावर असे करण्यास हरकत नाही, कारण मूळ भिंत त्यामुळे बदलत नाही. मात्र जो अभ्यासक केवळ नकलेवर विसंबेल, त्याला प्राचीन चित्रकाराची रेषा कोणती आणि विसाव्या शतकातील रेषा कोणती, हे कळणार नाही. नाथांनी ज्या पदरच्या ओवीचा निषेध केला ती हीच.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. लेणी निजामाच्या राज्यात होती. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक झाले. अजिंठ्याच्या संरक्षणाचे काम त्यांनी ज्या निष्ठेने अंगावर घेतले तिला तोड नाही. गाळ काढणे, पाण्याच्या वाटा वळविणे, राखणदार नेमणे ही कामे झाली. यझदानींचा चार भागांचा सचित्र ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. सय्यद अहमद यांनी पुढे लेण्यांचे अभिरक्षक म्हणून काम केले. त्यांच्या व जलालुद्दीन यांच्या नकला हैदराबादच्या राज्य वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात.

चित्रांना जे भेगाळलेपण आले होते त्यावर मात्र येथे इलाज करणारा तज्ज्ञ नव्हता. म्हणून संस्थानने इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे साहाय्यक काउंट ओर्सिनी यांना पाचारण केले. १९२० ते १९२२ च्या दरम्यान दोन हंगाम त्यांनी काम केले. त्यांच्या कामाचे दोन भाग होते आणि ते अलग ठेवूनच त्यांचे मूल्यमापन केले पाहिजे. पहिला भाग गिलावा सावरण्याचा. कातळापासून सुटून लोंबकळणाऱ्या गिलाव्याच्या मागे चिकटद्रव्य सोडून त्यांनी तो परत बसविला आणि तुटक्या कडा बांधून घेतल्या. या कामाने चित्रांचे कित्येक भाग वाचले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. दुसरा भाग चित्रे स्वच्छ करून त्यांवर लेप देण्याचा. हा लेप मद्यार्कात विरघळविलेल्या लाखेचा होता.

लाख ही आपल्या घरोघरची वस्तू. बांगड्यांपासून मोहोरेपर्यंत तिचा उपयोग. सुतार लाकडावर चपड्याचे पॉलिश करतो तीही तीच. पॉलिश केलेले लाकूड जसे ताजे आणि खुलून दिसते, तसेच अजिंठ्याचे रंग लेपाखाली खुलून दिसले आणि पाहणाऱ्यांना चित्रांचे भाग्य उजळल्यासारखे वाटले. परंतु लाखेचे गुणधर्म भिंतीवर गेल्यामुळे बदलत नाहीत. काळाबरोबर ती पिवळी पडते, मग तपकिरी होते. ती आकसते, तडकते आणि तडकताना खालचा रंग आपल्याबरोबर उचलते. तिच्यावर धूळ, काजळी आणि वटवाघळांची घाण बसून राहते. हवेतील दमटपणाबरोबर जी भिंत फुगते आणि आकसते, तिच्यावर न लवणारा पापुद्रा चढविल्यासारखे ते झाले. निळे हिरवट दिसू लागले, पांढरे पिवळे झाले, आणि कित्येक आकृती तपकिरी पडद्याआड गेल्या. पाहणाऱ्या पिढ्यांनी त्या मळकट रंगालाच अजिंठ्याचा रंग मानले. नव्या चित्रकारांनी जुनाटपणाचा आभास आणण्यासाठी तोच तपकिरीपणा उचलला असल्यास नवल नाही.

येथे एक प्रश्न न्यायाने विचारला पाहिजे. चेक्कोनी अडाणी होते काय? मुळीच नाही. त्यांच्या काळाच्या विद्येप्रमाणे त्यांनी उत्तम काम केले. त्यांच्याच देशातील एका जगप्रसिद्ध चित्राची हकीकत पाहिली म्हणजे हे पटते. मिलान येथील मठाच्या भोजनगृहात लिओनार्दो दा विंचीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस रंगविलेले ‘अंतिम भोजन’ हेही अजिंठ्याप्रमाणे कोरड्या भिंतीवरचे चित्र आहे, आणि तेही लवकरच सोलू लागले. १७२६ आणि १७७० मध्ये दोघा चित्रकारांनी ‘दुरुस्ती’ म्हणून त्यावर आपलेच रंग चढविले. १९४३ च्या बाँबवर्षावात भोजनगृह कोसळले, पण वाळूच्या पोत्यांनी झाकलेली चित्राची भिंत उभी राहिली. युद्धानंतर माउरो पेल्लिचोली या निष्णात तज्ज्ञाने सुटणारा रंग पक्का करण्यासाठी जे द्रव्य वापरले तेही लाखच होते. अजिंठ्याच्या कामानंतर पंचवीस वर्षांनी, इटलीच्या सर्वांत मोलाच्या भिंतीवर तोच उपाय! यावरून असे दिसते की, परदेशी तज्ज्ञाने परक्या कलेची हेळसांड केली, हा आरोप टिकत नाही. दोष व्यक्तीच्या हेतूत नव्हता. आजच्या ज्ञानावर पूर्ण भरवसा ठेवून, उद्या मागे घेता येणार नाही असे कृत्य करणे, हा तो दोष होता.

त्या चुकीवर पहिला उतारा रसायनशास्त्राने दिला. मद्रासच्या सरकारी संग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी १९३० नंतरच्या दशकात अजिंठ्याचा गिलावा आणि रंग यांचे पृथक्करण केले आणि ही चित्रे खऱ्या फ्रेस्कोच्या पद्धतीची नाहीत, असा निर्णय दिला. आधी निदान, मग औषध, हा क्रम वैद्यकात कोणी उलटा करीत नाही. चित्रांच्या बाबतीत मात्र औषध दिल्यावर पंधरा-सोळा वर्षांनी निदान झाले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५० नंतरच्या काही वर्षांत लेण्यांची जबाबदारी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. लेप काढण्याचे आणि सुटे रंग बसविण्याचे काम सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांनी चालविले. त्यातही कृत्रिम राळेचे लेप वापरले गेले, आणि पुढे तेही काढण्याचा विचार करावा लागला. चूक ओळखणाऱ्यालाही ती टाळता येतेच असे नाही.

१९९९ पासून सर्वेक्षणाचे रसायनज्ञ मॅनेजर सिंग यांनी नवव्या आणि दहाव्या लेण्यांत जे काम हाती घेतले ते या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. मिलानच्या चित्रावर वीस वर्षे चाललेले काम त्याच वर्षी संपले, हा योगायोगही लक्षात राहण्याजोगा आहे. अजिंठ्याची सर्वांत जुनी चित्रे लाख आणि काजळी यांच्याखाली जवळजवळ दिसेनाशी झाली होती. तो थर थोडा थोडा सैल करून उचलल्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचे रंग आणि चेहरे पुन्हा दृष्टीस पडले. या प्रकारच्या कामाची शिस्त शिक्षकांनी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. प्रथम प्रत्येक वीतभर जागेचे छायाचित्र. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पाहण्यासाठी निरनिराळ्या किरणांखाली तपासणी. मग बोटाच्या पेराएवढ्या कोपऱ्यात द्रावणाची चाचणी, आणि ती निर्धोक ठरली तरच पुढचे पाऊल. पाणी वापरता येत नाही, कारण खाली माती आहे. गिलाव्याच्या तुटक्या कडा मूळच्यासारख्या मातीनेच सांधावयाच्या. आणि जेथे चित्र गेले आहे तेथे नवे चित्र काढावयाचे नाही. केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद पुढच्या तज्ज्ञासाठी ठेवावयाची.

रोम येथे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या मध्यवर्ती पुनःस्थापन संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी या विचारांना १९६३ मध्ये ग्रंथरूप दिले. त्याचे सार दोन वाक्यांत सांगता येईल. जी भर घालावी लागेल ती जवळून पाहणाऱ्यास मूळापासून वेगळी ओळखू यावी. आणि आज जे केले ते उद्याच्या कामाच्या आड येऊ नये. पाठचिकित्सेच्या परिभाषेत बोलावयाचे तर, संपादकाची पूर्ती चौकटी कंसात असावी आणि मूळ पाठ खोडलेला नसावा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. तिच्या पृष्ठांवर संहिता वर आणि पाठभेद तळाशी अशी जी मांडणी आहे तिच्यामागचा विवेकही हाच. वाचकाला संपादकाशी असहमत होण्याची वाट खुली ठेवणे, हे त्या मांडणीचे प्रयोजन.

या मतावर एक आक्षेप घेतला जाईल. आपल्याकडे भग्न मूर्ती पूजेस चालत नाही. देवळाचा जीर्णोद्धार हे पुण्यकृत्य आहे, आणि झिजलेल्या मूर्तीस वज्रलेप करण्याचा प्रघात आहे. मग भिंतीवरचे भगदाड तसेच ठेवण्यात कसला विवेक? आक्षेप पोकळ नाही. जी मूर्ती पूजेत आहे ती भाविकाच्या दृष्टीने सजीव आहे, तिची सेवा चालूच राहणार आणि तिचे निर्णय त्या परंपरेतच होतील. पण अजिंठ्याचा भिक्षुसंघ गेल्याला शतके लोटली. तेथील चित्र आज आपणांशी बोलते ते साक्षीदार म्हणून, आणि साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालणे हे साक्ष नष्ट करण्यासारखेच आहे. जीर्णोद्धार आणि जतन हे दोन निराळे धर्म आहेत. कोठे कोणता आचरावा हे न कळल्याने घोटाळा होतो.

हा घोटाळा अजिंठ्यापुरता राहिलेला नाही, म्हणून त्याची चर्चा येथे अगत्याची वाटते. अजिंठ्यावर आज पहारा आहे. लेण्यांत प्रकाश मंद ठेवतात, फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, आणि प्रवाशांची वाहने दूर फर्दापूर फाट्याजवळ थांबविली जातात. परंतु मेणवलीच्या वाड्यासारख्या पेशवेकालीन वास्तूंतील भित्तिचित्रे, गोमंतकातील जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवरील तांबड्या मातीचे कावीकाम, गावोगावच्या मठांतील आणि छत्र्यांतील रंगकाम यांच्याभोवती असा पहारा प्रत्येक ठिकाणी नाही. तेथे उत्सवापूर्वी चुन्याचा हात फिरतो, कधी तैलरंग चढतो, कधी एखादा हौशी चित्रकार पुसट झालेले डोळे पुन्हा काढून देतो. हे सारे श्रद्धेने आणि पदरमोड करून होते, म्हणून त्यास विरोध करणे अवघड जाते. चेक्कोनींनाही निष्ठेनेच बोलाविले होते.

अशा वेळी गावातील शिक्षक आणि साहित्यसंस्थांचे सभासद यांना काही करता येण्यासारखे आहे. रंगाऱ्याने कुंचला उचलण्यापूर्वी भिंतीचे छायाचित्र घेऊन ठेवावे. चित्रात काय आहे, कोठे गळाले आहे, घरातील वृद्ध त्याविषयी काय सांगतात, याचे टिपण करावे. पुरातत्त्व खात्यास पत्र लिहावे, आणि उत्तर येईपर्यंत निदान तेवढी भिंत सोडून बाकीच्या भिंती रंगवाव्यात, एवढा आग्रह धरावा. गळालेली ओवी पुढेमागे एखाद्या जुन्या प्रतीत सापडू शकते. चुन्याखाली झाकलेले चित्रही क्वचित पुन्हा हाती लागते. पण ज्याच्यावर दुसऱ्याने आपली रेषा ओढली आणि मूळ रेषा खरवडून टाकली, त्या चित्राची दुसरी प्रत कोठेही नसते.